शिवेवरचे गाव : उपनगर, खेडे आणि आपली समीक्षा

मुंबईच्या मध्य रेल्वेवर शीव नावाचे एक स्थानक आहे. नावाचा अर्थ उघड आहे. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेटाची हद्द येथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी बेट लागत असे. इंग्रजी लेखनाच्या वळणाने या शिवेचे ‘सायन’ झाले आणि मूळ अर्थ पुष्कळांच्या विस्मरणात गेला. पुढे १९५० मध्ये शहराची हद्द उत्तरेकडे सरकली, १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली, आणि शीव शहराच्या पोटात राहिली. हद्द पुढे गेली, पण हद्दीचे नाव होते तेथेच राहिले.

हे उदाहरण केवळ स्थलनामाच्या कुतूहलासाठी दिलेले नाही. मोठ्या शहराच्या कडेला असलेले, शहराशी रोजचा व्यवहार असलेले, तरीही आपण शहर नाही अशी जाणीव बाळगणारे गाव ही भारतात सर्वत्र आढळणारी वस्ती आहे. अशा गावातील जगण्यावर लिहिले गेले आहे आणि आजही लिहिले जात आहे. मात्र आपल्या समीक्षेच्या परिभाषेत त्याला जागा नाही. आपण साहित्याचे ‘ग्रामीण’ आणि ‘नागर’ असे दोन कप्पे केले आणि शिवेवरच्या गावाला सोयीप्रमाणे कधी एकात, कधी दुसऱ्यात टाकले. या वर्गीकरणाने काय हरवते आणि या गावाचे स्वतंत्र आकलन कसे करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. भाषांतराच्या कामात ही अडचण मला वारंवार भेटलेली असल्यामुळे प्रारंभ शब्दांपासून करणे उचित होईल.

आपण ‘उपनगर’ हा शब्द वापरतो. हिंदीतही तोच आहे. ‘उप’ या उपसर्गात सान्निध्य आहे, पण दुय्यमत्वही आहे. उपमंत्री, उपकथानक या शब्दांतील ‘उप’ आपल्या कानांत असतोच. अमरकोशात याच अर्थाच्या जवळचा ‘शाखानगर’ हा शब्द आढळतो. मूळ नगराहून वेगळे, पण त्याचीच फांदी असलेले पुर, अशी त्यामागील कल्पना आहे. गुजरातीत ‘परुं’ म्हणतात, ज्याचे आपल्या ‘पुरा’ या शब्दाशी नाते दिसते. तमिळमधील ‘पुऱनगर’ या शब्दात बाहेरपणावर भर आहे. घरातल्या आणि बाहेरच्या जगाचा भेद काव्यशास्त्राच्या मुळाशी ठेवणाऱ्या त्या भाषेत हा ‘पुऱ’ विशेष अर्थपूर्ण वाटतो. बंगालीत ‘शहरतली’ म्हणतात, म्हणजे शहराच्या तळाशी असलेला भाग. लॅटिनमधून इंग्रजीत गेलेल्या शब्दातही नगराच्या खालचे ही कल्पना आहे. कन्नडमधील ‘बडावणे’ या शब्दात मात्र वाढ, विस्तार हा अर्थ आहे. तेथे शहर स्वतःच पुढे सरकत असते.

फांदी, बाहेरचे, तळचे, वाढलेले. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या या चार दृष्टी आहेत. पण नीट पाहिले असता लक्षात येते की हे सर्व शब्द शहरात उभे राहून उच्चारलेले आहेत. त्या जागी आधीपासून राहणाऱ्या माणसाला आपल्या गावासाठी यांपैकी एकही शब्द लागत नाही. तो गावाचे नाव घेतो, पाखाडीचे किंवा आळीचे नाव घेतो. उपनगर हा त्याच्या गावाला मिळालेला परका पत्ता असतो.

शासनव्यवहाराने या वस्तीची दखल साहित्यसमीक्षेपेक्षा अधिक काटेकोरपणे घेतली आहे, हे मान्य केले पाहिजे. महसुलाच्या भाषेत ‘गावठाण’ हा शब्द आहे. गावाच्या एकूण जमिनीपैकी घरांसाठी राखलेली जागा म्हणजे गावठाण. शेते, कुरणे, खार जमीन ही त्याबाहेर. शहर जवळ येते तेव्हा आधी शेतांचे भूखंड होतात आणि त्यांवर नवी वस्ती उभी राहते. गावठाण मात्र आपल्या अरुंद वाटा, विहीर, देऊळ वा क्रूस यांसह तसेच मध्ये उरते. मुंबईच्या उपनगरांत उंच इमारतींच्या मधोमध अचानक बैठी, कौलारू घरे लागतात, त्याचे कारण हे आहे. गावाचे घर टिकले, पण ज्या शेतासाठी ते घर होते ते शेत गेले.

जनगणनेची व्याख्या आणखी बोलकी आहे. ज्या वस्तीत नगरपालिका नाही, पण लोकसंख्या किमान ५,००० आहे, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आहे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात आहेत, ती वस्ती जनगणनेत नगर म्हणून मोजली जाते. कारभार ग्रामपंचायतीचा, गणना नगरात. अशा नगरांची संख्या २००१ मध्ये १,३६२ होती, ती २०११ मध्ये ३,८९४ झाली. त्यांतील सर्वच महानगरांच्या कडेला नाहीत, हे खरे. तथापि खेडे आणि शहर या दोहोंपैकी कोणत्याही एका नावाखाली न मावणारे जीवन देशात किती विस्तारले आहे, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो. मोजणी करणाऱ्याला तिसरा रकाना आखावा लागला. समीक्षकाला तो अद्याप आखावासा वाटलेला नाही.

आता साहित्याकडे वळू. शिवेवरच्या गावाशी माणसाचे नाते कसे जुळते, यावरून या लेखनाचे तीन प्रकार मला दिसतात. शहरातून काही काळासाठी आलेल्या माणसाचे लेखन हा पहिला. शहरात ज्याला जागा नाही म्हणून जो येथे राहावयास आला त्याचे लेखन हा दुसरा. आणि जो मूळचा येथलाच आहे, ज्याच्या दारात शहर चालत आले, त्याचे लेखन हा तिसरा. पाहुणा, आश्रित आणि यजमान अशी नावे त्यांना देता येतील. या तिघांच्या लेखनात ‘शांत’ हा शब्द येतो, परंतु प्रत्येकाची शांतता निराळी असते. तिचा अर्थ कळला म्हणजे हे तीन प्रकार कळले, असे म्हणावयास हरकत नाही.

पाहुण्याच्या लेखनाचा उत्कृष्ट नमुना रवींद्रनाथांच्या ‘जीवनस्मृति’त आहे. हे पुस्तक १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. कलकत्त्यात डेंग्यूची साथ पसरली तेव्हा, १८७२ च्या सुमारास, ठाकूर कुटुंबातील काही मंडळी गंगाकाठच्या पेनेटी, म्हणजे पानिहाटी, या गावातील एका बागेत राहावयास गेली. रवींद्रनाथ तेव्हा अकरा वर्षांचे होते आणि शहराबाहेर राहण्याचा त्यांचा तो पहिला प्रसंग होता. नदी, पेरूची झाडे, पाण्यावर सरकणारी सावली, रोज नव्याने उघडणारी सकाळ यांचे वर्णन तेथे आहे आणि ते सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच प्रकरणातील दुसरा प्रसंग मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. घरातील वडीलधारी माणसे एका सकाळी गावात फिरावयास निघाली. मुलगा त्यांच्या नकळत मागोमाग गेला. गावची वाट, तळे, तळ्याकाठी दात घासत असलेला माणूस असे थोडेसे दृश्य त्याच्या दृष्टीस पडते न पडते तोच वडीलधाऱ्यांचे लक्ष गेले आणि त्याला परत पाठवण्यात आले. कारण काय, तर त्याच्या पायांत मोजे नव्हते आणि अंगात सभ्य माणसाला शोभेलसा वरचा कपडा नव्हता.

या प्रसंगाचे महत्त्व मला स्वतःच्या चुकीतून कळले. पुष्कळ वर्षांपूर्वी या भागाचे मराठी भाषांतर करताना मी ‘खेडेगावातील बाग’ असा शब्दप्रयोग केला होता. वाक्य सुबोध झाले, कानाला गोड लागले, आणि अर्थाची हानी झाली. कारण बाग गावात असली तरी गावाची नव्हती. बाग शहरातील धनिकांची होती. तिच्या आवाराबाहेर गाव होते. आणि मुलाला गंगा दिसत होती, पण गाव बंद होते. कलकत्त्याच्या घरातील निर्बंध बागेच्या आवारात त्याच्याबरोबर आलेच होते. मी आवाराची ती भिंत एका शब्दाने पाडून टाकली होती. पानिहाटी हे काही रिकामे रान नव्हते. चैतन्य महाप्रभूंच्या काळापासून ते वैष्णवांना परिचित असलेले गाव. दही-पोह्यांचा उत्सव तेथे आजही होतो. त्या गावाला स्वतःची स्मृती होती. पाहुण्याच्या स्मृतीत ती शिरू शकली नाही. हा दोष त्या मुलाचा नाही, आणि रवींद्रनाथांचा तर नाहीच. उलट आपल्याला गाव दिसू दिले गेले नाही ही गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे नोंदली आहे. त्यांच्या अनुकरणाने लिहिणाऱ्यांनी मात्र नदी घेतली आणि भिंत सोडली.

पाहुण्याची ही भूमिका फार जुनी आहे. रोमन लेखक धाकटा प्लिनी याने आपल्या लॉरेंटममधील समुद्राकाठच्या घराचे विस्तृत वर्णन एका पत्रात केले आहे. हे घर रोमपासून सतरा मैलांवर असल्याने दिवसाची कामे आटोपून तेथे मुक्कामास जाता येते, हा त्याच्या आनंदाचा भाग आहे. शांतता आहे, पण ती शहराच्या अंतराने मोजलेली. पाहुण्याच्या दृष्टीने शांतता म्हणजे शहरातील गोंगाटाचा अभाव. त्या जागी असलेले आवाज त्याच्या हिशेबात येत नाहीत. आजच्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींतील ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ हा वाक्प्रचार याच दृष्टीचा स्वस्त झालेला अवतार होय.

आश्रिताचे लेखन मराठीत आहे आणि ते श्रेष्ठ प्रतीचे आहे. दुर्दैवाने त्याचा विचार केवळ समाजसुधारणेचे साधन म्हणून झाला. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, त्याचे सामाजिक परिणाम भोगले, आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना केली. आश्रम प्रथम पुण्यात होता. १९०० मध्ये तो पुण्यापासून सुमारे चार मैलांवरील हिंगणे या गावी गेला. तेथे देणगीदाखल मिळालेल्या जागेवर एक झोपडी बांधण्यात आली. अण्णासाहेब फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत; दिवसाचे काम आटोपले की पायी हिंगण्यास जावयाचे, तेथे शिकवावयाचे आणि सकाळी पुन्हा पुण्यास परतावयाचे, असा क्रम त्यांनी ठेवला. त्यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५), पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) आणि आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) ही तीन पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे हिंगण्याच्या त्या चार मैलांचा अर्थ स्पष्ट होतो.

हिंगण्यास जाण्यामागे प्लेगचे कारण होते, जागेचे होते, तसे शहरातील विरोधाचेही होते. विधवांनी शिकावे, तेही एकत्र राहून शिकावे, ही गोष्ट पुण्याच्या पेठांना पचणारी नव्हती. चार मैलांचे अंतर हे त्या स्त्रियांचे संरक्षण होते. पण ते संरक्षण होते तसेच ते हद्दपारीचे चिन्हही होते. शहराने आपल्या वेशीबाहेर ठेवलेल्यांनाच तेथे जागा होती. म्हणून आश्रिताच्या लेखनात शांतता म्हणजे गोंगाटाचा अभाव नव्हे. तेथे शांतता म्हणजे बोलणाऱ्या तोंडांपासूनचे अंतर. तिच्यासाठी चिखल तुडवावा लागतो, सामान वाहावे लागते, आजाऱ्यासाठी शहर गाठावे लागते. पाहुण्याला अंतर सुखाचे वाटते, कारण ते त्याला हवे तेव्हा ओलांडता येते. आश्रिताचे अंतर इतरांनी ठरविलेले असते.

पार्वतीबाईंच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १९३० मध्ये झाले आणि ते एका हिंदू विधवेचे आत्मचरित्र या नावाने बाहेर गेले. ते नाव खोटे नाही. तथापि ते पुस्तक एका स्थळाचेही आहे, ही गोष्ट त्या नावाखाली झाकली गेली. हिंगणे आज पुणे शहरात आहे. त्या परिसराला कर्वेनगर म्हणतात. ज्याच्या कार्याला शहराने एकेकाळी बाहेर ठेवले त्याचे नाव शहराने वेशीबाहेरच्या त्या जागेला दिले, आणि मग ती जागा आत घेतली. हा इतिहास चांगला की वाईट, हे मी ठरवीत नाही. परंतु या तीन आत्मचरित्रांत स्थळ ही केवळ पार्श्वभूमी नाही, ते त्यांच्या आशयाचे एक अंग आहे, एवढे आपल्या वाङ्मयेतिहासाने नोंदवावयास हवे होते. आणि हेही नोंदवावयास हवे की हिंगण्याचे मूळचे शेतकरी या पुस्तकांच्या कडेलाच राहतात. आश्रिताचे लक्ष स्वाभाविकपणेच आपल्या आश्रयाकडे असते.

राहता राहिला यजमान. त्याचे लेखन सर्वांत उशिरा आले आणि सर्वांत कमी वाचले गेले. येथे मी वसईचे उदाहरण घेतो.

वसई हे चर्चगेटपासून रेल्वेने सुमारे ५० किलोमीटरवर आहे. पोर्तुगिजांचा अंमल तेथे सुमारे दोन शतके होता. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला. येथवरचा इतिहास शाळेत शिकवतात. किल्ल्याबाहेरची गावे मात्र इतिहासात क्वचित येतात. निर्मळ, नंदाखाल, भुईगाव, गास, आगाशी अशी ही समुद्राच्या बाजूची हिरवी गावे. निर्मळला शंकराचार्यांच्या समाधीची यात्रा भरते. जवळच नंदाखालला जुने चर्च आहे. आणि दोन्हीकडच्या वाड्यांतून केळी, पानवेली, फुले, भाज्या पिकत आल्या आहेत. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही येथली खास वस्तू. १८६७ मध्ये विरारपासून मुंबईपर्यंत स्थानिक गाडी सुरू झाली आणि हा माल शहराच्या बाजारात जाऊ लागला. आजही पहाटेच्या गाडीने फुलांच्या आणि भाज्यांच्या टोपल्या मुंबईकडे जातात.

तेव्हा यजमानाच्या गावात पाहुण्याला वाटते तशी शांतता कधी नव्हतीच. पाहुणा झोपेत असतो तेव्हा तेथे पाणी काढले जात असते, फुले खुडली जात असतात, टोपल्या बांधल्या जात असतात. ते गाव शहराच्या घड्याळावर दीड शतक चालत आले आहे. त्याचा दिवस शहराच्या दिवसाआधी सुरू होतो, कारण शहराचा दिवस सुरू होताना त्याचा माल बाजारात हजर असावा लागतो. शांतता हा शब्द यजमान वापरतो तेव्हा त्याचा अर्थ नियमितपणा असा असतो. विहिरीला गोडे पाणी आहे, वाडी आपली आहे, उद्याही पहाटे हेच काम करावयाचे आहे, ही खात्री म्हणजे त्याची शांतता. आणि नेमकी हीच खात्री शहर जवळ आल्यावर ढळते. टँकरच्या व्यवसायासाठी विहिरींतून पाणी उपसले जाऊ लागले आणि समुद्रालगतच्या गोड्या विहिरी खारट होण्याची भीती निर्माण झाली. जमीन विकासासाठी खुली करण्याच्या धोरणाविरुद्ध १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची पुष्कळ गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा आमची ग्रामपंचायत आम्हांला राहू द्या असा आग्रह अनेक गावांनी धरला. शहरात जाण्यासाठी लोक गाव सोडतात हे आपल्याला ठाऊक होते. गाव न सोडताही शहरात जावे लागते, हे येथे दिसले.

या चळवळीच्या अग्रभागी असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे मराठीचे लेखक होते, नंदाखालचे होते, आणि २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन धर्मगुरूचे आत्मकथन म्हणून वाचले जाते. ते तसे आहेच. परंतु शिवेवरच्या गावातील यजमानाने स्वतः लिहिलेल्या मोजक्या मराठी पुस्तकांत त्याची गणना व्हावयास हवी, असे मला वाटते. सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारख्या वसईच्या लेखिकेच्या लेखनाकडेही केवळ ‘ख्रिस्ती साहित्य’ या रकान्यातून पाहू नये. धर्म हे त्या लेखनाचे एक अंग आहे; वाडी, गाडी आणि बोली हीदेखील अंगेच आहेत.

बोलीचा उल्लेख आला म्हणून थोडे थांबणे अवश्य आहे. उत्तर कोकणातील कोळी, किरिस्तांव, सामवेदी इत्यादी बोलींची नोंद ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीच्या १९०५ मध्ये निघालेल्या मराठीवरील खंडात झालेली आहे. या बोली मोठ्या शहराच्या इतक्या जवळ राहूनही टिकल्या, याचे कारण शिवेवरच्या गावाच्या रचनेत आहे. घरात व वाडीत एक बोली, शाळेत प्रमाण मराठी, गाडीत आणि बाजारात हिंदी वा मुंबईची मिश्र भाषा, कचेरीत इंग्रजी, असा एकाच माणसाचा एकाच दिवसाचा भाषाक्रम असतो. प्रत्येक भाषेला आपली जागा आणि आपली वेळ असल्यामुळे एकीने दुसरीला सहसा ढकलले नाही. वाडी गेली की हा क्रम मोडतो. बोली बोलण्याची जागाच उरत नाही.

मराठी लेखक आणि भाषांतरकार यांनी येथे एक ढोबळ चूक केलेली आहे. पात्र गावचे आहे असे कळले की त्याच्या तोंडी देशावरची एक सर्वसाधारण ‘ग्रामीण’ बोली घालण्याचा आपल्याकडे प्रघात पडला. परभाषेतून मराठीत आणताना तेच, आणि मराठीतून हिंदीत जाताना तेथील अशीच एक साचेबंद गावठी भाषा. त्यामुळे दिवसातून चार भाषा बोलणारा, मुंबईचे बाजारभाव तोंडपाठ असलेला वाडीवाला वाचकाला बिचारा, अडाणी भासू लागतो. अर्थाचा असा विपर्यास शब्दकोश चाळून टळत नाही. त्यासाठी त्या माणसाचे स्थळ ओळखावे लागते.

यजमानाला नायकत्व देणारी कादंबरी भारतीय साहित्यात नाही असे नाही. माणिक बंदोपाध्याय यांची ‘शहरतली’ ही कादंबरी १९४० व १९४१ मध्ये दोन भागांत आली. कलकत्त्याच्या कडेला राहणारी यशोदा गिरणीकामगारांना आपल्या घरी ठेवून घेते, त्यांना जेवू घालते. तिचे घर आणि गिरणीमालकाची सत्ता यांच्या ताणावर कथानक उभे आहे. शहरतली हा शब्द शहराने दिलेला, तळाचा अर्थ असलेला. माणिकबाबूंनी तो पुस्तकाच्या कपाळी ठेवला आणि त्या तळाशी राहणाऱ्या स्त्रीच्या दारातून शहराकडे पाहिले. बंगाली समीक्षेत ही कादंबरी कामगारजीवनाची म्हणून वाखाणली जाते. मला ती यजमानपणाची कादंबरी वाटते. कोणाला घरात घ्यावे, कोणाला किती दिवस, आणि घर आपले किती काळ राहील, हे शिवेवरच्या गावाचे मूलभूत प्रश्न तीत आहेत.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की अशा गावांसाठी ‘प्रादेशिक साहित्य’ ही संज्ञा आहेच, नवी कशाला? उत्तर असे की प्रादेशिक कादंबरीची आपली कल्पना दूरच्या, आपल्यापुरत्या जगाच्या आधाराने घडली. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) किंवा ‘बनगरवाडी’ (१९५५) यांतील गावाला स्वतःचे आकाश आहे. कोकणच्या पुष्कळ कथांत मुंबई येते हे खरे. पण ती मनीऑर्डरीतून, पत्रांतून आणि सणाला परतणाऱ्या चाकरमान्यातून येते. वसईच्या गावात मुंबई रोज पहाटे येते आणि रोज रात्री येते. दुसऱ्या टोकाला जयवंत दळवींची ‘चक्र’ (१९६३) किंवा मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) आहे; ती शहराच्या काठावरच्या झोपडवस्तीची चित्रणे आहेत. तेथील माणूस शहरात आलेला आहे. शिवेवरच्या गावातील माणूस कोठेही आलेला किंवा गेलेला नाही. ही तीन स्थळे तीन निराळे अनुभव निर्माण करतात, आणि एका संज्ञेने त्यांचे काम भागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही अवस्था संक्रमणाची आहे, आज ना उद्या ही गावे शहर होणारच, मग त्यांच्यासाठी स्वतंत्र विचार करण्याचे प्रयोजन काय, असे विचारता येईल. परंतु विरारची पहिली स्थानिक गाडी आणि वसई-विरारची महानगरपालिका यांत १४२ वर्षांचे अंतर आहे. त्या अवधीत माणसांच्या कित्येक पिढ्या जन्मल्या, जगल्या आणि गेल्या. इतका काळ टिकलेल्या जीवनपद्धतीला संक्रमण म्हणणे म्हणजे त्या पिढ्यांचे जगणे कोणत्यातरी दुसऱ्या गोष्टीची पूर्वतयारी होते असे म्हणण्यासारखे आहे. असे म्हणण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. साहित्यात तर मुळीच नाही, कारण साहित्याचा विषय माणूस ज्या अवस्थेत जगतो ती अवस्था हा असतो. ती पुढे काय होणार आहे, हा नव्हे.

ही केवळ वर्गीकरणाची चर्चा नव्हे. ज्या लेखनाला नाव नसते ते पाठ्यक्रमात नेमले जात नाही, संकलनात येत नाही आणि भाषांतरासाठी निवडले जात नाही. दुसऱ्या भाषेतील वाचकाला मराठी साहित्य म्हणून जे मिळते त्यात एकीकडे दुष्काळी गाव असते आणि दुसरीकडे चाळ वा झोपडपट्टी. मधला विस्तीर्ण भाग, जेथे आज लक्षावधी मराठी माणसे राहतात, त्याला दिसत नाही. आणि त्या गावातील मुलगा वा मुलगी लिहावयास बसते तेव्हा तिच्यापुढे दोनच नमुने असतात. ती एकतर आपल्या वाडीला बनगरवाडीसारखी करते, नाहीतर स्वतःला मुंबईकर करते. दोन्हींत तिचे सत्य थोडे कमी होते.

म्हणून काही साध्या गोष्टी कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. भाषांतरकाराने ‘खेडे’ हा शब्द लिहिण्यापूर्वी तेथून शहर किती अंतरावर आहे, ते अंतर कोण ओलांडते आणि कोणाच्या इच्छेने, हे स्वतःला विचारावे. ‘शांत’ हा शब्द आला की तो पाहुण्याचा, आश्रिताचा की यजमानाचा, हे ताडून पाहावे. संपादकाने निर्मळ-नंदाखालच्या लेखकाला धर्माच्या किंवा जातीच्या रकान्यात घालण्याआधी त्याच्या गावाचा नकाशा एकवार पाहावा. आणि वाङ्मयेतिहासकाराने हिंगण्याची तीन आत्मचरित्रे पुन्हा एकत्र वाचावीत.

शीव हे नाव आजही टिकून आहे. गाडी तेथे थांबते तेव्हा आपण एका हद्दीवर थांबलो आहोत हे कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण पलीकडेही शहरच आहे. साष्टीतील जी गावे त्या शिवेपलीकडे होती त्यांच्यापैकी कित्येकांनी आपल्याविषयी काही लिहून ठेवले नाही. निदान आपल्यापर्यंत ते पोहोचले नाही. वसईकडील गावे आज लिहीत आहेत. त्यांचे लेखन ज्या नावाने वाचले जावे ते नाव आपल्या समीक्षेने वेळेवर शोधावे, एवढीच अपेक्षा आहे.